शिजलेली जाळी

कोंडीबामामांना दोन विषयांवर बोलू दिलं की ऐकणाऱ्याची जेवायची वेळ टळायची. एक हळद आणि दुसरी वाफ. हे दोन नसून एकच विषय आहे, हे आमच्या गल्लीतल्या पोरांना कळायला बारावी उजाडली. आम्ही स्वतःला हुशार समजत होतो, त्यामुळं जास्त उशीर लागला.

मामा मूळचे कुरुंद्याचे. तो सगळा हळदीचा पट्टा. जमिनीतून काढलेली हळद तशीच वाळत घातली तर बिघडते. आधी ती मोठ्या लोखंडी कढईत शिजवावी लागते, वर पाला आणि ओलं गोणपाट झाकून. कमी शिजली तर आतून कच्ची, जास्त शिजली तर गाळ. मधली नेमकी वेळ घड्याळाला कळत नाही, मामांना कळायची. गोणपाटाखालून येणाऱ्या वाफेचा वास घ्यायचा, एक हळकुंड उचलायचं, त्यात काडी खुपसायची आणि म्हणायचं, "काढा." मामांची स्वतःची जमीन म्हणजे घरामागची दोन वाफ्यांची पट्टी. पण मोठमोठे बागाईतदार कढईपाशी उकिडवे बसून त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचे. त्यातल्या काहींच्या घरी मामांना पाणी द्यायचा गिलास वेगळा, वळचणीला खोचलेला असायचा. त्या गिलासाचा विषय निघाला की मामा पुन्हा हळदीवर यायचे.

१९८६ साली ते मालनमामीला घेऊन हिंगोलीला आले. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एका सर्जन डॉक्टरांनी नवा दवाखाना टाकला होता आणि त्यांना आत काम करायला माणूस पाहिजे होता. डॉक्टरांनी विचारलं, "काय येतं तुम्हाला?" मामा म्हणाले, "शिजवायला येतं." डॉक्टरांनी त्यांना सरळ वरच्या मजल्यावर घरी पाठवलं. डॉक्टरांच्या बाईंनी कणकेची परात पुढं सरकवली तेव्हा कुठं गैरसमज फिटला.

पण उत्तर चुकीचं नव्हतं. ऑपरेशन थिएटरात ऑटोक्लेव्ह असतो. प्रेशर कुकरचा थोरला भाऊ म्हणा. कापडं, हातमोजे, चिमटे सगळं स्टीलच्या ड्रमात भरायचं, ड्रम त्यात ठेवायचा आणि पंधरा पौंड दाबाची वाफ वीस मिनिटं द्यायची, की आतले जंतू मेले. डॉक्टरांनी हे एकदा समजावलं. मामांनी विचारलं, "काडी कुठं खुपसायची?" डॉक्टर म्हणाले, "काडी नाही, काटा बघायचा." तेवढा एक फरक सोडला तर मामांचा धंदा बदललाच नाही.

आणि मग त्यांनी त्या थिएटरात असा कायदा बसवला की बाहेरून आलेली कुठलीही वस्तू वाफ घेतल्याशिवाय टेबलापाशी जाणार नाही. त्या कायद्यात डॉक्टरांच्या चष्म्याची दोरी शिजली. एका कंपनीवाल्यानं भेट दिलेलं पेन शिजलं, आणि बाहेर आलं तेव्हा ते पेन आहे हे ओळखायला कंपनीवाल्यालाच बोलवावं लागलं. डॉक्टर हसले. पू झालेला एक पेशंट माझ्या ड्रमातला दाखवा, असं मामा छातीवर हात ठेवून म्हणायचे आणि कुणाला दाखवता यायचा नाही. म्हणून कायदा टिकला. पुढं पुढं तर तिथली भाषाच बदलली. "तयार" या शब्दाचा अर्थ त्या दवाखान्यात एकच उरला, वाफ दिलेलं. कापड तयार, मोजे तयार, सुया तयार. नव्या सिस्टर आल्या की चार दिवसांत त्याही तसंच बोलायला लागायच्या.

पुढची सगळी भानगड या एका शब्दानं केली.

हर्नियाची जाळी आमच्याकडं आली ती चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमारास. त्याआधी पोटाच्या भिंतीला पडलेलं भोक दोन्हीकडून ओढून, टाके घालून बंद करायचे. ओढून घातलेले टाके कधीतरी तटतटायचेच. जाळी आली आणि ओढाताण थांबली. भोकावर जाळी, जाळीच्या छिद्रांतून मांस वाढतं आणि भिंत पक्की होते. पांढरी, मच्छरदाणीसारखी दिसणारी, जरा कडक. मोठा तुकडा आणायचा, लागेल तेवढा कापायचा, उरलेल्याला मामा पुन्हा वाफ द्यायचे. "कोंडीबा, ही वाफेला भीत नाही," असं डॉक्टरच म्हणाले होते.

पण ही जाळी एका गोष्टीसाठी वाईट. तिला मांस आणि आतडं यातला फरक कळत नाही. जे लागेल त्याला धरते. नव्याण्णव साली आखाडा बाळापूरचा एक माणूस आला. दूरच्या कुठल्याशा शहरात त्याच्या पोटात जाळी बसवलेली, थेट आतड्याला लागून. आठ महिन्यांनी आतडं बंद. आमचे डॉक्टर पाच तास सोडवत होते. ट्रे मामांच्या हातात होता. जाळीच्या छिद्राछिद्रांतून आतडं उगवून आल्यासारखं दिसत होतं, असं ते सांगायचे. माणूस वाचला, पण हातभर आतडं ट्रेमध्ये आलं. मालनमामी सांगायची, त्यानंतर महिनाभर घरात मटण आणलं तरी हा माणूस ताटावरून उठून जायचा.

आता २००४ चा फेब्रुवारी. गोरेगावच्या रुख्मिणीबाई दवाखान्यात आल्या. पन्नाशीच्या, दम्याच्या पेशंट, आणि पोटावर कलिंगडाएवढा फुगवटा. पूर्वी सिझेरियन झालेलं, त्या जागी हर्निया झाला, तो नुसत्या टाक्यांनी शिवला आणि दोन वर्षांत पुन्हा सुटला. पोटाला जुनं धोतर घट्ट गुंडाळूनच त्या भाकरी थापायच्या. आतडं भोकात अडकून दोनदा उलट्या झाल्या, तेव्हा पोरगा मुन्ना त्यांना स्वतःच्या जीपमध्ये घालून घेऊन आला. गोरेगाव–हिंगोली ही त्याचीच लाइन.

डॉक्टरांनी मायलेकांना समोर बसवून सांगितलं, "पोट आधी दोनदा उघडलंय. आतलं अस्तर फाटलेलं आहे. साधी जाळी ठेवली तर आतडं तिला चिकटणार. म्हणून दुसऱ्या जातीची जाळी मागवतोय. एका बाजूनं जाळी, दुसऱ्या बाजूनं पातळ पडदा. जाळीची बाजू वर, तिला मांस धरतं. पडद्याची बाजू आतड्याकडं, ती चिकटत नाही. काही दिवसांनी पडदा विरून जातो, तोवर आत आपलं स्वतःचं अस्तर तयार झालेलं असतं."

रुख्मिणीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अन् उलटी लावली तर वो?"

"तर मला धरायला मुन्नाला पाठवा."

"त्याच्या जीपात बसून तुमी पळून जाल," बाई म्हणाल्या. सगळे हसले. मामा तेव्हा तिथं नव्हते. असते तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि मला लिहायला काही उरलं नसतं.

ती जाळी औरंगाबादहून एसटीच्या पार्सलनं आली, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी. हिंगोलीत अशी जाळी पहिलीच. डॉक्टर गावाबाहेर गेलेले. ज्योती सिस्टरांनी खोका मामांच्या हातात दिला.

"मामा, उद्याची जाळी आली. तयार ठेवा."

ज्योती सिस्टरांना लागून सहा महिने झाले होते. त्यांच्या मनात तयार म्हणजे हाताशी होतं की वाफ दिलेलं होतं, हे त्यांना स्वतःलाही नंतर धड सांगता आलं नाही.

मामांनी खोका उघडला. आत चंदेरी पाकीट. त्यावर इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत बरंच काही, आणि एका गोलात दोनचा आकडा, त्याच्यावर तिरकी रेघ. मामांची शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. त्यांनी दोनचा आकडा वाचला, रेघ वाचली आणि अर्थ लावला: पाकिटात दोन न्हाईत, एकच हाये. कंपनी प्रामाणिक दिसते, असंही त्यांना वाटलं. ती खूण म्हणजे एकदाच वापरा, आणि पुन्हा वाफ देऊ नका हे त्या मुंगीएवढ्या अक्षरांत होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. हातमोजे घालून त्यांनी जाळी बाहेर काढली. एक बाजू गुळगुळीत, दुधाच्या सायीसारखी. नाजूक वस्तू आहे म्हणून गॉजमध्ये निगुतीनं गुंडाळली, छोट्या ड्रमात ठेवली आणि पंधरा पौंड, वीस मिनिटं. वर दोन मिनिटं आपल्याकडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रुख्मिणीबाई टेबलावर. दम्यामुळं पूर्ण भूल नको म्हणून कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलेलं. नांदेडहून आलेले भूलवाले डॉक्टर उशाशी. बाईंच्या छातीवर आडवा पडदा, त्यामागून त्या जाग्या, अधूनमधून बोलणाऱ्या. डॉक्टरांनी पोट उघडलं, जुन्या व्रणाला चिकटलेलं आतडं बोटभर बोटभर सोडवायला लागले. साडेदहाला लाइट गेली. भारनियमन रोजचंच, जनरेटर लागला. दिवा आणि मॉनिटर चालू झाले. विजेचा ऑटोक्लेव्ह त्या जनरेटरला पेलायचा नाही, पण त्याचं आज काही काम नव्हतं.

मामा भिंतीशी उभे. लागेल ते द्यायचं, सांगितलं तर दिवा फिरवायचा, बाकी तोंड बंद.

भूलवाले डॉक्टर म्हणाले, "ही नवी जाळी मी अजून पाहिली नाही. साधीसारखीच कापून पुन्हा वापरता येते का?"

"छे," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "एकदाच. आणि हिला वाफ अजिबात चालत नाही. पडदा जळून जातो. कंपनीच निर्जंतुक करून पाठवते. पाकीट फोडायचं, सरळ लावायची."

मामांनी छोट्या ड्रमाकडं पाहिलं.

पुढची दहा-पंधरा मिनिटं मामांनी आयुष्यभरात कुणाला सलग सांगितली नाहीत. तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते असं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, डॉक्टर चेष्टा करताहेत. मग वाटलं, आपल्या वाफेनं काही होत नसेल, ती कंपनीची वाफ वेगळी असेल. मग आठवलं की सायीसारखी बाजू ड्रमात ठेवताना थंड होती आणि झाकण लावताना त्यांनी मुद्दाम दोन मिनिटं जास्त दिली होती. ज्योती सिस्टरांना काही माहीत नाही. पाकीट कचऱ्यात गेलं. डॉक्टरांनीही अशी जाळी एकदाच, कुठल्याशा सभेत लांबून पाहिलेली. म्हणजे खोलीतल्या पाच माणसांत फक्त आपल्याला माहीत आहे. बोललं तर नोकरी जाईल, ते एक. त्याहून वाईट, अठरा वर्षांचा ड्रम बाटेल. आणि नाही बोललं तर? तर काहीच होणार नाही. आज तर नाहीच. बाई आठ दिवसांनी हसत घरी जाईल.

इतक्यात पडद्यामागून रुख्मिणीबाईंचा आवाज आला. "डाक्टर, झालं का वो? मुन्ना बाहेर उपाशी बसून ऱ्हायला."

"होत आलं आक्का. आता जाळी लावायची." डॉक्टरांनी हात पुढं केला. "सिस्टर, जाळी."

ज्योती सिस्टरांनी चिमट्यानं ड्रमाचं झाकण उचललं.

"साहेब," मामा म्हणाले. "ती जाळी शिजली."

थिएटरात मामा बोलले हीच पहिली बातमी. तिचा अर्थ कळायला वेळ लागला.

"काय झालं?"

"म्या शिजवली. काल सांच्याला. ईस मिंटं. ईस न्हाई, बावीस."

डॉक्टरांच्या रागाची एक गंमत होती. ते चिडले की अरेतुरे करत नसत. उलट चढत जायचे. रोजच्या "तुम्ही"चं "आपण" व्हायचं, आणि "आपण" झालं की कंपाउंडर लोक दुसऱ्या दारानं बाहेर जायचे.

"आपण," डॉक्टर हळू म्हणाले, "आपण हे कुणाला विचारून केलंत?"

"कुणाला न्हाई."

"काय शिजलं?" पडद्यामागून बाई. "काहून सगळे गप झाले?"

सिस्टरांनी गॉज उलगडलं. सायीचा पडदा एका कडेला वाळून गोळा झाला होता, पापडासारखा. काही भाग गॉजलाच चिकटून आला. पण मधला बराच भाग सपाट होता, चकचकीत, नवाच वाटावा असा. डॉक्टरांनी तो दिव्याखाली धरला. बराच वेळ बघितला.

"ही कड कापून," ते म्हणाले, "मी लावलीच असती ही."

आणि जाळी ट्रेमध्ये टाकली.

भूलवाले डॉक्टर घड्याळ बघत होते. "दहा-पन्नास. माझी सुई साडेबारापर्यंत साथ देईल. त्यापुढं पूर्ण भूल, आणि या बाईंचा दमा बघता मला ती द्यायची नाही. काय ते ठरवा."

डॉक्टरांनी डोळे मिटले. ज्योती सिस्टर सांगतात, त्यांचे ओठ हलत होते, पण देवाचं नाव नव्हतं. ते मोठ्यानं बोलले तेव्हा कळलं की हिशेब चालू होता. "नुसते टाके घातले तर ही वर्षभरात परत येणार. साधी जाळी आतड्यावर ठेवली तर बाळापूरवाला होणार. नवी जाळी औरंगाबादहून उद्या. पोट उद्यापर्यंत उघडं राहत नाही." मग डोळे उघडले. "एक जागा आहे. पोटाच्या उभ्या स्नायूच्या मागं एक पापुद्रा असतो. स्नायू दोन्हीकडून उचलून तो पापुद्रा सोडवायचा, मधोमध शिवायचा. आतड्यावर आपलंच अस्तर होईल. त्या अस्तरावर साधी जाळी आणि तिच्यावर स्नायू. आतड्याला जाळी दिसणारसुद्धा नाही. वेळ फार लागतो म्हणून टाळत होतो. साधी जाळी आहे का?"

"छोटे तुकडे तयार हायेत," मामा म्हणाले. "जांघेच्या हर्नियाचे."

"जोडून चालणार नाही, जोडावर सुटतं. मला वीतभर रुंद आणि त्याहून लांब पाहिजे. चारी बाजूंनी भोकाच्या पुढं चार बोटं जायला पाहिजे."

"मोठा तुकडा हाये कपाटात. पण कच्चा हाये." म्हणजे वाफ न दिलेला. "अन् लाइट न्हाई."

"स्टोव्ह आहे ना?"

"हाये."

"मग आपण इथं का उभे आहात?"

मामा धावले. मागच्या खोलीत जुना, स्टोव्हवर ठेवायचा ऑटोक्लेव्ह होता, वर्षानुवर्षं कुणी न वापरलेला. मामांनी मात्र दर महिन्याला त्याचं रबर बघितलेलं. रॉकेलचा स्टोव्ह पेटवला, पंप मारला, निळी ज्योत भरभरायला लागली. जाळी गॉजमध्ये, गॉज ड्रममध्ये, ड्रम आत. झाकणाचे खटके आवळले. आता पाणी उकळायचं, आतली हवा जायची, काटा पंधरावर यायचा, आणि तिथून पुढं वीस मिनिटं. यातलं काहीही दम देऊन लवकर होत नाही.

आत डॉक्टर स्नायूच्या मागची जागा सोडवत होते. पापुद्रा भिजलेल्या कागदासारखा, जुन्या टाक्यांच्या जागी तर फाटतच होता. फाटला की शिवायचा, शिवला की पुढं. सव्वाअकराला ज्योती सिस्टर दारात आल्या.

"मामा, सर विचारून ऱ्हायले, किती?"

"काटा आत्ता पंध्रावर आला. ईस मिंटं. अन् वर पाच, वाफ सोडायला."

सिस्टर आत गेल्या, लगेच परत. "सर म्हणतात, दहा मिनिटांत द्या. भूलवाले सर घाई करताहेत."

मामांनी काट्यावरची नजर काढली नाही. "सांग त्यांना, दहा मिंटांत कच्ची ऱ्हाईल. देनार न्हाई."

"मी असं सांगू?"

"असंच सांग."

सिस्टरांनी आत जाऊन ते जमेल तेवढं गोड करून सांगितलं. ज्या माणसानं नको ती गोष्ट शिजवून ठेवली, तोच आता पाहिजे ती गोष्ट शिजल्याशिवाय द्यायला तयार नव्हता. भूलवाले म्हणाले, "हुकूम कुणाचा चालतो हो तुमच्याकडं?" डॉक्टरांनी सुई पुढं चालवली.

अकरा-पंचवीसला स्टोव्ह फुरफुरला. ज्योत पिवळी झाली, काटा चौदावर आला, तेरावर आला. पिनेनं भोक साफ केलं तेव्हा बोटं भाजली. पुन्हा पंप, पुन्हा निळी ज्योत. काटा पंधरावर चढला आणि मामांनी मघाची दहा मिनिटं सोडून दिली. पहिल्यापासून मोजायला घेतलं. वीस म्हणजे वीस.

आत रुख्मिणीबाईंच्या उजव्या पायाचा अंगठा हलला.

भूलवाल्यांनी तो पाहिला आणि कुणाला काही न बोलता दुसरी एक सुई भरून जवळ ठेवली. बाई पुटपुटल्या, "पाय जड होते, आता मुंग्या येऊन ऱ्हायल्या."

"चांगलंय आक्का," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या कपाळावरचा घाम सिस्टर टिपत होत्या. पापुद्र्याचा शेवटचा टाका बसला होता, आतडी झाकली गेली होती, स्नायू दोन्हीकडून उचलून धरलेला. रिकामी जागा तयार होती, घालायला काही नव्हतं. चार मिनिटं सगळी खोली तशीच थांबली होती.

अकरा-पंचावन्नला मामा ड्रम दोन्ही हातांत कापडानं धरून आत आले. झाकण उघडलं. डॉक्टरांनी जाळी उचलली, जागेवर पसरली, एक कोपरा जास्त होता तो कापला, चारी बाजूंना चार बोटं पुढं गेली का ते बोटांनीच मोजलं, कडेला मोजके टाके घातले. स्नायू वर ओढला. आत साठणारं पाणी बाहेर यावं म्हणून एक नळी ठेवली. वरची कातडी शिवायला घेतली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते आणि बाईंना सुई टोचलेली कळत होती. जागच्या जागी बधिर करत करत शेवटचे टाके घातले. बाईंनी दोनदा "आई गं" म्हटलं आणि एकदा जी शिवी दिली ती मामांच्या मते डॉक्टरांना नव्हती.

बाहेर मुन्नाला डॉक्टर म्हणाले, "आत गेल्यावर बेत बदलावा लागला. साधीच जाळी लावली, पण सुरक्षित जागी." मुन्नानं मान हलवली. मामा मागं ड्रम घेऊन उभे होते.

चौथ्या दिवशी बाईंना ताप आला. एकशे दोन.

आता तपासणी बाईंची नव्हती, मामांच्या वीस मिनिटांची होती. जाळीला पू झाला तर ती काढावी लागते, आणि मग पोट पहिल्यापेक्षा वाईट. मामा सकाळी सहालाच वॉर्डाच्या दारात. मालनमामीनं डबा पाठवला तो संध्याकाळी तसाच परत आला. डॉक्टर आले, पट्टी काढली, जखमेच्या कडा दाबल्या, नळीतलं पाणी बाटलीत उजेडाकडं धरून पाहिलं. पातळ, फिकट, वास नाही. मग बाईंचा डावा हात उचलला. सलाईनची शीर कोपरापर्यंत लालभडक सुजली होती.

"ताप इथला आहे," ते म्हणाले. "पोट स्वच्छ आहे." आणि दाराकडं न बघता पुढं म्हणाले, "आपण आता जेवून घ्या."

"आपण" अजून उतरलं नव्हतं. ते पुढं पंधरा दिवस टिकलं.

बाराव्या दिवशी टाके काढून रुख्मिणीबाई घरी निघाल्या. मुन्ना जीप दारात लावून आत आला, तेव्हा मामांनी त्याला जिन्याखाली गाठलं आणि सगळं सांगितलं. तयार, चंदेरी पाकीट, दोनचा आकडा, बावीस मिनिटं. काही गाळलं नाही. मुन्नाचा चेहरा आधी कोरा, मग लाल.

"म्हंजे औरंगाबादहून मागवलेली जाळी तुमी वाया घातली?"

"व्हय."

"अन् डाक्टर म्हणले बेत बदलला."

"बेत बदलला ते खरंच हाये. काहून बदलला ते म्या सांगून ऱ्हायलो."

मुन्ना जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. जीप चालवणारा माणूस, शिव्यांचा साठा भरपूर. त्यातली एकही त्याला पसंत पडेना. शेवटी म्हणाला, "मामा, तुमी त्या टायमाला गप बसले असते तर आमाला कळलं असतं का?"

"न्हाई."

"डाक्टरला?"

"त्यानला बी न्हाई."

"मग काहून बोलले?"

मामांनी थोडा विचार केला. अशा वेळी काही मोठं बोलावं असं त्यांना वाटलं असेल, पण ते जमायचं नाही त्यांना. "तुमाला कळलं नसतं," ते म्हणाले. "तुझ्या आईला कळलं असतं. आठ म्हैन्यानं."

मुन्ना बाहेर गेला. जीपमध्ये पुढच्या सीटवर ड्रायव्हर सोडून तिघं बसून होते, मागं दहा-बारा. त्यानं पुढच्या तिघांना खाली उतरवलं. "मागं बसा." "मागं जागा कुठाय?" "टपावर हाये." एकजण कुरकुरला, "अरे, आम्ही आधी आलो." मुन्ना म्हणाला, "ती माझी माय हाये अन् तिच्या पोटात ताजं शिवलेलं हाये. तू उतरतो का मी उतरवू?"

रुख्मिणीबाई एका हातानं पोट धरून, दुसऱ्या हातानं मामांच्या खांद्याचा आधार घेत पायरी उतरल्या. जीपच्या पुढच्या सीटवर त्यांना पहिल्यांदाच ऐसपैस जागा मिळाली होती. त्या नीट टेकून बसल्या, पदर सारखा केला आणि मुन्नाला म्हणाल्या, "चल आता. अन् खड्डे बघून चालव. मामानं दोनदा शिजवलंय, मोडलं तर तिसऱ्यांदा शिजवणार न्हाई तो."

मुन्नानं आईकडं पाहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

"मी तिथंच होते की. पाय बधिर होते, कान न्हाई."

जीप पहिल्या गिअरमध्येच निघाली, आणि नाक्यापर्यंत पहिल्यातच गेली. मागचे लोक बोंबलत होते.